दहा दिवसांचे थेंब

"दहा दिवस थेंब," शेटे मॅडम म्हणाल्या. "अकराव्या दिवशी ऑपरेशन. त्याच्या पुढचा दिवस मला नको."

त्यांनी टेबलावर तपकिरी काचेची एक लहान बाटली ठेवली. शालननं ती उचलली, बूच काढलं आणि नाकाशी नेली.

"ह्याला आयोडीनचा वास येतोय. गुडघा फुटल्यावर लावायचं ते."

"त्याच्याच जातीतलं आहे. दुधातून घ्यायचं, दिवसातून तीन वेळा. तोंडात लोखंडासारखी चव राहील."

"मग ह्यांनाच द्या की," शालन माझ्याकडं बोट दाखवून म्हणाली. "बॉयलरवर असतात. त्यांना सवय हाय लोखंडाची."

मॅडम हसल्या. मीसुद्धा हसलो. सहा महिन्यांत शालननं केलेला तो पहिलाच विनोद होता.

मग मॅडम माझ्याकडं वळल्या. "हिंदुराव, नीट ऐका. गळ्यातल्या या गाठीला एकदम खूप आयोडीन मिळालं की ती बिचकते. काम थांबवते. पण तिचं बिचकणं फार दिवस टिकत नाही. पुढं तेच आयोडीन खाऊन ती दुप्पट जोरानं सुरू होऊ शकते. आणि तेव्हा तिला आवरायला माझ्याकडं गोळी नाही. ती गोळी आपण वापरून बसलोय."

"समजलं," मी म्हणालो.

मला खरंच समजलं होतं. हे आधीच लिहितो, कारण नंतर बरेच लोक म्हणाले की खेड्यातल्या माणसाला काय समजणार.

शालनला थायरॉईडचा त्रास होता. गाठ जास्त काम करत होती. हात कापायचे, छाती धडधडायची, दोन माणसांचं जेवण जेवून ती वाळत चालली होती. डोळे मोठे दिसायला लागले होते. पौष महिन्यात, आम्ही सगळे गोधडीत असताना, ती पदर बाजूला टाकून उघड्या फरशीवर झोपायची. गोळ्या सुरू झाल्या तेव्हा डॉक्टरांनी एकच ताकीद दिली होती, ताप आला किंवा घसा दुखला तर गोळी बंद करून लगेच यायचं. सातव्या आठवड्यात घसा दुखला. शालननं मीठ-हळदीच्या गुळण्या केल्या. तीन दिवसांनी पाणीसुद्धा गिळता येईना. रक्त तपासलं तर रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी जवळजवळ संपलेल्या. पंधरा दिवस तिला काचेच्या खोलीत ठेवलं. त्यातून वाचली. पण तसली गोळी तिला पुन्हा कधीच द्यायची नाही असं फाईलवर तांबड्या शाईनं लिहिलं गेलं.

गाठ कापून काढणं हा एकच उपाय राहिला. पण गाठ इतक्या जोरात चालू असताना भूल दिली तर टेबलावरच हृदय बंद पडेल, असं मॅडम म्हणाल्या. आधी ती शांत करायला पाहिजे. त्यासाठी कोल्हापूरच्या त्या दवाखान्यात त्यांनी चार वेळा तिला मशीनला लावलं. एका नळीनं रक्त बाहेर येतं, त्यातलं पिवळं पाणी मशीन काढून घेतं आणि दुसऱ्यांचं चांगलं पाणी घालून रक्त परत अंगात सोडतं. गाठीनं सोडलेलं विष त्या पिवळ्या पाण्यात असतं, असं मला सांगितलं. सोबत धडधडीची गोळी होती आणि पाण्यात कालवून प्यायची एक रेताड पूड होती.

चौथ्या वेळेनंतर दुपारी शालननं डोळे उघडले आणि म्हणाली, "अहो, पंखा बंद करा. गारठा वाजतोय."

मी ऐकत राहिलो.

"बघताय काय? गोधडी द्या."

मी पिशवीतून गोधडी काढली आणि तिच्या अंगावर घातली. मग वऱ्हांड्यात जाऊन रडलो. आयुष्यात एवढा आनंद मला परत झाला नाही.

सोमवारी थेंब सुरू झाले. मॅडमना तिला दवाखान्यातच ठेवायचं होतं, पण शालननं घरी जायचा हट्ट धरला. पुढच्या बुधवारी संध्याकाळी भरती व्हायचं, गुरुवारी सकाळी ऑपरेशन, असं ठरलं. मॅडमनी मला नाडी मोजायला शिकवली. मनगट धरून, घड्याळात बघून पुरा एक मिनिट. पहिल्या दिवशी अठ्ठ्याऐंशी. दुसऱ्या दिवशी चौऱ्याऐंशी. चौथ्या दिवशी ऐंशी. मी कॅलेंडरवर लिहीत होतो.

शुक्रवारी शालनचा चुलतभाऊ बंडूमामा आला. आमच्या प्रणितासाठी गडहिंग्लजचं स्थळ त्यानंच आणलं होतं. मुलगा फौजेत, सुट्टीवर आलेला. पसंती झाली होती.

"भावजी, येत्या रविवारी न्हाई, त्याच्या पुढच्या रविवारी साखरपुडा उरकून घ्यायचा म्हणत्यात. मंगळवारी पोराची सुट्टी संपती. परत आठ महिने येणार न्हाई तो."

"गुरुवारी हिचं ऑपरेशन हाय," मी म्हणालो.

बंडूमामानं दाराकडं बघितलं. शालन आत होती. त्यानं आवाज उतरवला.

"ऑपरेशनचं त्यास्नी काय बोललाय का तुम्ही?"

"न्हाई."

"बोलू बी नका. हे दुखणं आईकडनं लेकीला येतंय म्हणत्यात. त्यांच्या भावकीत एक कंपाउंडर हाय, त्यो लगेच स्थळ मोडाय लावंल. आणि गळ्याला पट्टी बांधून इहिणीसमोर बसवणार का तिला? हितून हितपर्यंत चिरत्यात." त्यानं आपल्या गळ्यावरून बोट फिरवलं.

"मग ती बसायची न्हाई."

"मुलीच्या साखरपुड्याला आई न्हाई? मग तर गावभर इचारतील."

आतून शालनचा आवाज आला. "बंडू, मला ऐकू येतंय. गाठ गळ्यात हाय, कानात न्हाई."

ती बाहेर आली. हातात चहाची कपबशी होती आणि ती वाजत नव्हती. सहा महिन्यांत पहिल्यांदाच.

"गुरुवारी आम्ही दवाखान्यात असणार," ती म्हणाली. "साखरपुडा रविवारी होऊ दे. ओटी काय, थोरल्या जाऊबाई भरतील. इहिणीनं इचारलं तर सांगा, दवाखान्यात हाय. जे हाय ते सांगा. ज्याला पोरगी पाहिजे तो करंल, न्हाईतर राहू दे."

"शालन, सोन्यासारखं स्थळ हाय."

"माझी लेक बी काय पितळंची न्हाई. चहा पी."

बंडूमामा गेला. जाताना मला बाहेर बोलावून म्हणाला, "भावजी, बाईमाणूस बोलायला बोलतंय. इचार तुम्ही करायचा. चार दिवसांचा तर प्रश्न हाय."

मी एका दूध संघात बॉयलर अटेंडंट होतो. सव्वीस वर्षं केलं ते काम. बॉयलरच्या गेजवर तांबडी रेघ असते. काटा त्या रेघेच्या पुढं जाऊ द्यायचा नाही. पण दरवर्षी इन्स्पेक्टर साहेब यायचे तेव्हा बॉयलर पाण्यानं भरून रेघेच्या दीडपट दाब चढवून बघायचे. प्रत्येक वर्षी मी शेजारी उभा असायचो. काटा रेघ ओलांडून पुढं पुढं जायचा आणि कुठं टिपूस गळायचं नाही. म्हणजे रेघ ही माणसाला भीती राहावी म्हणून अलीकडं मारलेली असते, लोखंड त्याच्या बरंच पुढं सोसतं, हे मला पाठ झालं होतं. त्या रात्रपाळीला मी गेजसमोर बसून विचार केला. मॅडम शहाण्या आहेत. त्यांनीही रेघ अलीकडंच मारली असणार. दहाच्या दीडपट पंधरा. पंधरा दिवस थेंब, सोळाव्या दिवशी ऑपरेशन. तो दिवस मंगळवार येत होता. मध्ये रविवार आपोआप बसत होता.

सोमवारी सकाळी मी संघाच्या ऑफिसातून दवाखान्यात फोन लावला. काय सांगायचं ते ठरवून गेलो होतो. साखरपुड्याचं सांगितलं असतं तर मॅडमनी मला उभा फाडला असता. सुतकाला कोणी काही म्हणत नाही. जिवंत माणसाला मारायचं धाडस झालं नाही, म्हणून सहा वर्षांपूर्वी वारलेले आमचे म्हादूकाका मी पुन्हा मारले.

"शनिवारी चुलते वारले," मी म्हणालो. "सुतक हाय. पुढच्या सोमवारी दहावं झालं की मंगळवारी येतो."

फोन उचलणाऱ्या बाईंनी थांबायला सांगितलं. मग मॅडमच फोनवर आल्या.

"हिंदुराव, वाईट झालं. पण सुतकात दवाखान्यात यायला कुणाची ना नसते."

"घरातली म्हातारी माणसं ऐकत न्हाईत, मॅडम."

"त्यांना फोन द्या. मी बोलते."

"रक्षाविसर्जनाला नदीवर गेल्यात सगळे."



"तुम्हाला मी काय सांगितलं होतं?"

"दहा दिवस."

"मग?"

मी फोनची वायर बोटाला गुंडाळत राहिलो.

"मंगळवारचं टेबल ठेवते," त्या शेवटी म्हणाल्या. "पण मी भरवसा देत नाही. थेंब आणि धडधडीची गोळी चालू ठेवा. नाडी शंभरावर गेली, ताप आला, बडबड सुरू झाली, तर दहावं, बारावं काही बघायचं नाही. निघायचं. शब्द द्या."

"दिला," मी म्हणालो.

घरी येऊन शालनला सांगितलं, "दवाखान्याचा फोन आला होता संघात. मॅडमना परगावी जायला लागतंय. मंगळवारी करू म्हणाल्या."

ती गहू निवडत होती. हात थांबला. "त्या तर म्हणाल्या होत्या, त्याच्या पुढचा दिवस नको."

"चालतंय म्हणाल्या."

"त्या स्वतः म्हणाल्या?"

"व्हय."

"मग चालत असंल," ती म्हणाली आणि परत गहू निवडायला लागली. थोड्या वेळानं म्हणाली, "बरं झालं म्हणायचं. साखरपुडा तरी डोळ्यांनी बघीन." आणि हसली.

गुरुवारी, म्हणजे ऑपरेशनच्या मूळ ठरलेल्या दिवशी, नाडी ब्याऐंशी होती. मला वाटलं, जिंकलो. शुक्रवारी ब्याण्णव. तिनं सकाळी करंज्यांचं सारण केलं होतं, म्हणून असेल असं धरलं. शनिवारी एकशे चार. मी दुसऱ्यांदा मोजली. एकशे सहा. कॅलेंडरवर मी शहाण्णव लिहिलं.

शालननं ते वाचलं. "कमी हाय की," ती म्हणाली. "मला आपलं उगंच वाटतंय छाती उडतीया म्हणून."

शनिवारी दुपारी ती फरशीवर जाऊन झोपली. गोधडी खाटेवर तशीच होती.

"उद्या एवढं झालं की परवा जाऊन भरती होऊ," मी म्हणालो.

"आज गेलो तर?" ती म्हणाली. डोळे मिटलेले होते. "न्हाई, मॅडम नसतील. परगावी गेल्यात न्हवं?"

मी काहीच बोललो नाही. त्या वेळी दवाखाना तासाभराच्या अंतरावर होता आणि मॅडम तिथंच होत्या. त्या जागेवर मी पुन्हा पुन्हा जाऊन उभा राहतो. शनिवार, दुपारचे अडीच, ती फरशीवर, मी उंबऱ्यात.

रविवारी अकरा वाजता गडहिंग्लजचे पाहुणे आले. पंधरा-वीस माणसं. विहीणबाई जाड अंगाच्या, मोठ्या आवाजाच्या, सरळ बाई. शालन जरीचं हिरवं पातळ नेसली होती. गळ्यापर्यंत पदर घेतला होता. कुंकू लावताना तिचा हात एवढा कापला की विहीणबाईंच्या नाकावर सांडलं.

"अगंबाई," विहीणबाई हसल्या. "आत्ताच रंगवताय व्हय मला? लग्नाला काय ठेवशीला?" आणि हसता हसता त्यांनी शालनचा हात धरला. त्यांचं हसू थांबलं. "काय वो ताई, हात किती भाजतोय."

"चुलीपाशी होते," शालन म्हणाली.

अंगठ्या झाल्या. साखरेची पुडी झाली. पंगत बसली. शालन वाढत होती आणि वाढता वाढता बोलत होती. थांबतच नव्हती. विहिणीला गव्हाचा भाव सांगितला, प्रणिताच्या लहानपणीचं सांगितलं, परत गव्हाचा भाव सांगितला. पाहुण्यांना वाटलं, आईला आनंद झालाय. मी पाण्याचा तांब्या घेऊन उभा होतो. बंडूमामानं माझ्याकडं बघून मान हलवली, सगळं छान झालं म्हणून.

मग ती जिलबीचं ताट घेऊन पंगतीच्या मधोमध थांबली आणि मला म्हणाली, "अहो, ही माणसं कोण?"

ताट हातातून गेलं आणि पाठोपाठ ती खाली बसली.

पाहुण्यांच्याच जीपमधून तिला नेलं. शालनचं डोकं विहीणबाईंच्या मांडीवर होतं. प्रणितानं वाटेत त्यांना सगळं सांगितलं, गाठ, मशीन, ऑपरेशन. विहीणबाई ओला रुमाल शालनच्या कपाळावर दाबत राहिल्या. बऱ्याच वेळानं त्या मला एवढंच म्हणाल्या, "पाव्हणं, एवढं दुखणं होतं तर सांगायचं. दवाखान्यात जाऊन अंगठी घातली असती आम्ही. त्यात काय?"

दवाखान्यात ताप एकशे पाच निघाला. नाडी एकशे ऐंशी, तीही वेडीवाकडी. मॅडम धावत आल्या. बर्फ लावला, सलाईन, इंजेक्शनं. मशीन परत लावलं. गाठ काढायचा विषय आता नव्हता. तापात, असल्या नाडीवर, कोणी चाकू लावू शकत नव्हतं.

सोमवारी सकाळी मशीन सुटल्यावर ती एक तासभर शुद्धीवर आली. मला आत घेतलं. मॅडम पलंगाच्या त्या बाजूला उभ्या होत्या. एक नर्स सलाईन बदलत होती.

"शालनताई, ओळखलंत?"

"मॅडम," ती म्हणाली. आवाज फाटला होता. "परगावाहून कधी आला?"

मॅडमना कळलं नाही. "मी कुठं गेले नव्हते हो. तुम्हीच आला नाहीत. तुमच्या सासऱ्यांच्या भावाचं ऐकून वाईट वाटलं. पण सुतकासाठी कुणी असा जीव धोक्यात घालतं का? मी ह्यांना फोनवर सांगत होते."

शालननं डोळे माझ्याकडं वळवले. आजारानं मोठे झालेले डोळे. मी पलंगाचा लोखंडी दांडा धरून उभा होतो. म्हादूकाकांच्या दहाव्याला तिनंच सहा वर्षांपूर्वी दीडशे माणसांचा स्वयंपाक केला होता.

ती बराच वेळ बघत राहिली. मग मॅडमकडं वळली.

"ह्यांचं काही न्हाई, मॅडम," ती म्हणाली. "मीच हटून बसले. सुतकात यायचं न्हाई म्हणाले. हे तर म्हणत होते, चल."

मॅडमनी कपाळाला हात लावला. नर्स चुकचुकली. दोघी बाहेर गेल्या.

मी तिच्या जवळ वाकलो. "शालन," एवढंच म्हणालो.

"काटा कितीवर हाय?" तिनं विचारलं. डोक्याशी नाडीचा पडदा होता, तो तिला दिसत नव्हता.

"एकशे बावन्न."

"खरं सांगताय न्हवं?"

"खरं."

"मग बरं," ती म्हणाली. थोड्या वेळानं तिची जीभ पुन्हा अडखळायला लागली. ती कोणालातरी गहू आत घ्यायला सांगत होती.

बुधवारी सकाळी साडेनऊला ती गेली.

लग्न मोडलं नाही. विहीणबाईंनी शब्द पाळला, आठ महिन्यांनी मुलाला पुन्हा सुट्टी मिळाली तेव्हा लग्न लागलं. पण मला सांगायचंय ते त्याच्या आधीचं, शालनच्या दहाव्याचं. नदीवरून आलो होतो. भावकीची माणसं उठून गेली. घरात मी आणि प्रणिता दोघंच राहिलो. ती अंघोळ करून ओल्या केसांनी माझ्यासमोर येऊन बसली.

"बाबा, एक विचारू?"

"विचार."

"दवाखान्यात ती नर्स मला म्हणाली, आईनंच तारीख पुढं ढकलली. कोणतं तरी सुतक आहे असं सांगून. आपल्याकडं तर कोण गेलं नव्हतं."

मी जमिनीकडं बघत होतो.

"साखरपुड्यासाठीच ना? माझ्या साखरपुड्यासाठी ती खोटं बोलली ना?" तिचा आवाज चढला. "मी तिला सांगितलं होतं, बाबा. आई, तू ऑपरेशनला जा, मला काही नको. दोनदा सांगितलं. माझ्यापुढं हो म्हणाली, मग मॅडमच परगावी गेल्यात म्हणाली, आणि माझ्या मागं असं केलं. आता मी जन्मभर काय करू? ते अंगठीचं बोट मी कुठं ठेवू?"

ती रडली नाही.

"सांगा ना. तिनंच केलं ना हे?"

मी तोंड उघडलं. शालननं मला एवढं झाकून ठेवलं होतं, की बाहेर यायला एक शब्द पुरला असता.

"व्हय," मी म्हणालो. "तिनंच."

याला आता सतरा वर्षं झाली. प्रणिताची दोन मुलं शाळेत जातात. दिवाळीला मी गडहिंग्लजला जातो. तिच्या घरात सासऱ्यांचा फोटो आहे, आजेसासूचा आहे, सगळ्यांना हार असतात. आईचा फोटो तिनं लावलेला नाही.